जुन्या गाडीचं इंजिन ओळखावं कसं?

आमच्याकडे खानदेशात जुन्या गाड्यांच्या खरेदीचे दोन हंगाम असतात. एक दसरा-दिवाळीचा, तो सगळीकडेच असतो. दुसरा कापूस विकून हाती पैसा आला की सुरू होतो आणि लग्नसराईपर्यंत चालतो. माझं गॅरेज अमळनेरात धुळे रस्त्याला आहे. त्या दिवसांत आठवड्यातून दोन-तीन जण तरी गाडी दाराशी उभी करतात आणि म्हणतात, “भाऊ, देखा बरं, इंजिन कसं शे?”

गाडी बहुधा दहा-बारा वर्षांची सेडान असते, म्हणजे मागे डिकी बाहेर आलेली, चार दारांची. घरात पाच-सहा माणसं, वरून सामान, म्हणून डिकी हवीच. नवी गाडी परवडत नाही आणि जुनी दीड ते अडीच-तीन लाखांत मिळते. पत्रा, रंग, टायर, सीट हे सगळं घेणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं, आणि बिघडलेलं असलं तरी त्याचा खर्च अंदाजात बसतो. इंजिनाचं तसं नाही. ते आत झाकलेलं असतं, आणि पूर्ण उघडून बांधायची वेळ आली तर साठ-सत्तर हजार सहज जातात, डिझेल असेल तर त्याहून जास्त. दोन लाखांच्या गाडीला हा खर्च करायचा म्हणजे एका गाडीचे पैसे दीड वेळा मोजल्यासारखं झालं.

पूर्वी एवढी धास्ती नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, किंवा अ‍ॅम्बेसेडर, यांची इंजिनं कुठल्याही तालुक्याच्या गावी बांधून मिळत. सिलिंडर झिजले तर बोअर करायचे, वीसचा ओव्हरसाईज पिस्टन टाकायचा, पुन्हा झिजले तर चाळीसचा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी अशाच वर्षानुवर्षं चालल्या. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ सालीच थांबलं. त्यामुळे आमच्या आधीच्या मिस्त्रींची इंजिनाकडे बघायची नजर वेगळी होती. झिजलं तर झिजलं, बांधू. आताच्या इंजिनांना ही नजर लागू पडत नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, अनेकांचा ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचा, धातू कमी आणि मापं बारीक. जास्त तापलं की हेड वाकतं. बोअर करायला धातू शिल्लक नसतो किंवा त्या मापाचा पिस्टनच बाजारात नसतो. म्हणून परीक्षा घेण्याआधीच व्हायला हवी.

पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, कुठल्या कंपनीचं इंजिन चांगलं? उत्तर देता येतं. होंडा सिटी, मारुतीची एस्टीम, ह्युंदाईची अ‍ॅक्सेंट यांची पेट्रोल इंजिनं नाव कमावून बसली. डिझेलमध्ये १२४८ सीसीचं जे इंजिन स्विफ्ट डिझायरमध्ये, टाटाच्या मांझात आणि फियाटच्या लिनियात होतं, ते मुळात फियाटचं. पुण्याजवळच्या रांजणगावला आणि तिकडे हरियाणात मानेसरला ते बनायचं. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केलं, तरी ते इंजिन आज हजारो गाड्यांत धावतंय. पण माझं मत असं आहे की दहा वर्षं झाली की कंपनीचं नाव मागे पडतं आणि मालकाचं नाव पुढे येतं. चांगलं इंजिन हेळसांडीने पाच वर्षांत संपतं आणि सामान्य इंजिन नीट सांभाळलं तर वीस वर्षं काढतं. मी इंजिनात दोनच गोष्टी आधी शोधतो. त्याला तेल कसं मिळालं आणि पाणी कसं मिळालं.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्या भागात इंजिनं तेलापेक्षा पाण्यानेच जास्त मरतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्यात एसी चालू, गाडीत सहा माणसं. इंजिनाची उष्णता बाहेर काढायचं काम रेडिएटरचं. त्यात कूलंट घालायचं असतं, म्हणजे शुद्ध पाण्यात मिसळलेलं एक रसायन. ते गंज धरू देत नाही आणि उकळण्याचा बिंदूही वर नेतं. पण लोक घालतात काय? बोअरचं पाणी. शेतातल्या बोअरचं पाणी घरी पातेल्यात आठ-दहा वेळा तापवून बघा, तळाला पांढरा थर चढतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या पाण्याच्या वाटांत चढतो. मग गाडी तापायला लागते. मग मिस्त्री काय करतो? थर्मोस्टॅट काढून टाकतो आणि पंखा डायरेक्ट करून देतो.

हे जरा उलगडून सांगतो. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं एक झाकण. इंजिन साधारण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत गरम होईतो ते बंद राहतं, नंतर उघडतं. इंजिन ठरलेल्या तापमानाला चालावं म्हणून ते असतं. पंखाही तसाच, पाणी तापलं की आपोआप सुरू होतो, थंड झालं की थांबतो. पंखा डायरेक्ट केला म्हणजे चावी फिरवली की तो सुरू, आणि बंद करेपर्यंत चालूच. गाडी तापते ही तक्रार तात्पुरती मिटते, पण मूळ दुखणं, म्हणजे चोंदलेला रेडिएटर नाहीतर फुंकलेलं हेड गॅस्केट, तसंच राहतं. वर थर्मोस्टॅट नसल्याने इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त खातं आणि रिंगा लवकर झिजतात. म्हणून सकाळी थंड गाडीची चावी फिरवल्याबरोबर, एसी बंद असताना पंखा घोंगावू लागला तर समजा, ह्या गाडीला तापायची सवय आहे आणि ती कोणीतरी झाकली आहे.

रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. असे भाजलेले हात मी पाहिलेत. आत हिरवं, लाल किंवा निळं स्वच्छ कूलंट दिसलं तर मालक जाणता आहे. चहासारखं तांबूस पाणी दिसलं तर आत गंज आहे. वर तेलाची साय तरंगत असेल तर पुढे काही बघायची गरज नाही. कालच नवं कूलंट भरून आणलेलंही असू शकतं, म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला आणि तोंडाच्या कडेला बोट फिरवा. पाणी बदलता येतं, तिथला थर राहतो. मग गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटांत वरचा जाड होज पाईप दाबून बघा. इंजिन अजून कोमट असताना तो दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतो आहे, म्हणजे हेड गॅस्केट गेलं.

आता तेल. अमळनेरकरांना तेलाचं महत्त्व मी काय सांगणार, विप्रोची सुरुवातच मुळी १९४५ साली इथल्या वनस्पती तेलाच्या कारखान्यातून झाली! इंजिनातल्या तेलाबद्दल मात्र गैरसमज फार. गेजची पट्टी ओढून तेल काळं दिसलं की लोक नाक मुरडतात. डिझेल गाडीत तेल बदलल्यावर दोन-तीनशे किलोमीटरमध्येच काळं होतं, तो दोष नाही. उलट जुन्या गाडीत मधासारखं लख्ख तेल दिसलं तर मला शंका येते, की विकायच्या आधी मुद्दाम का बदललं? काही जण आवाज दाबायला नेहमीपेक्षा जाड तेल भरतात. म्हणून पट्टीपेक्षा तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढा आणि टॉर्चने आत बघा. कॅमशाफ्टचा धातू स्वच्छ किंवा फिकट तपकिरी दिसला तर तेल वेळेवर बदललं गेलंय. डांबरासारखा काळा चिकट गाळ साचला असेल तर दहा-पंधरा हजार किलोमीटर एकाच तेलावर काढले आहेत, आणि तो गाळ आतल्या बारीक वाटा बुजवतो. झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट-पांढरा फेस असेल तर तेलात पाणी मिसळतंय. फक्त एक लक्षात ठेवा, थंडीत गाडी रोज एक-दोन किलोमीटरच फिरत असेल तर नुसत्या दमटपणानेही झाकणाला थोडा फेस धरतो. तो पुसा, गाडी अर्धा तास चालवा आणि पुन्हा बघा.

तेल पिणारं इंजिन ओळखायची आमच्या गॅरेजातली एक सोपी रीत आहे. इंजिन गरम होऊन आरामात चालू असताना तेलाच्या तोंडाचं झाकण उलटं करून तिथेच नुसतं ठेवायचं. ते किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडायला लागलं आणि तोंडातून भकाभक धूर आला तर त्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की वरचा जळता वायू खाली चेंबरमध्ये उतरतो आणि या वाटेने बाहेर पडतो. डिझेल इंजिनात थोडी वाफ असतेच, पेट्रोल इंजिनात जवळजवळ नसावी.

या सगळ्याला एक अट आहे. गाडी थंड असताना तुम्ही तिथे पोचलं पाहिजे. विकणारा म्हणतो, “या दादा, गाडी चालूच करून ठेवलीये तुमच्यासाठी.” हा पाहुणचार नको. आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत सेल्फ मारू नका. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या झिजलेल्या सीलांतून तेल खाली झिरपतं आणि पहिल्या सेल्फला निळा धूर येतो. पाच मिनिटांनी तो गायब होतो. चेन सैल असेल तर पहिले दोन-तीन सेकंद खडखडाट होतो, तेलाचा दाब आला की तोही थांबतो. डिझेल गाडी डिसेंबरच्या सकाळी दोन-तीन सेल्फ घेऊन, पांढरा धूर काढत मिसिंग करत सुरू झाली तर हीटर प्लग, नोझल किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी कमजोर आहे. गरम इंजिन यातलं काहीच सांगत नाही.

मागे मारवडकडचे एक आबा आले होते. घरी आजींचं डायलिसिस सुरू झालेलं, आठवड्यातून दोनदा धुळ्याला न्यायचं. एसटीने जमेना, दर वेळी भाड्याची गाडी परवडेना, म्हणून डिझेल सेडान बघितली. रंग चकचकीत, सीटकव्हर नवं, मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर. विकणारा सोबतच होता. गाडी चालवत आणलेली, म्हणजे गरम. मी म्हटलं, “आबा, आज रात्री गाडी इथेच राहू द्या, सकाळी सातला या.” विकणाऱ्याला ते रुचलं नाही, पण आबा हटले नाहीत. सकाळी बॉनेट उघडून चावी फिरवली, तर पंखा लगेच सुरू. थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट मिस्त्रीच्या पान्याने घासलेले. रेडिएटरच्या झाकणाखाली तांबूस थर. गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली, आणि दहा मिनिटांनी तेलाचं झाकण ठेवलं तर ते खाली पडलं. आबांनी विचारलं, “म्हणजे धुळ्याला जाणार नाही का?” जाईल, मी म्हटलं, जाईलही आणि पाच-सहा महिने येईलही. पण आजी मागच्या सीटवर असताना मे महिन्यात भर रस्त्यात कधी बसेल ते मी सांगू शकत नाही. आबांनी ती गाडी सोडली. पुढे महिनाभराने साधी पेट्रोल गाडी घेतली, दोन वर्षं जास्त जुनी, पत्रा पोचे पडलेला, पण पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची बिलं फाईलला लावलेली.

मीटरच्या आकड्यावर किती विसंबायचं, हे यातून आलंच. डिजिटल मीटर मागे नेणं अवघड राहिलेलं नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई, ड्रायव्हरच्या सीटची कड ही मीटरपेक्षा खरं बोलतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीची सर्व्हिस झाली असेल तर मालकाला सोबत नेऊन जुन्या नोंदी मागा, दर वेळचा किलोमीटरचा आकडा त्यात असतो. डिझेल गाडी माणूस जास्त फिरायचं म्हणूनच घेतो. बारा वर्षांची डिझेल सेडान चाळीस हजारच चालली असेल, तर का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आणि आकडा खरोखर कमी असला तरी हुरळून जाऊ नका. मुलगा पुण्याला, गाडी अमळनेरला शेडमध्ये, आणि वडील पंधरा दिवसांतून एकदा बाजारापर्यंत काढतात, अशा गाड्या आपल्याकडे पुष्कळ. उभ्या गाडीचे सील सुकतात, टाकीत गंज धरतो, तेल न चालताही जुनं होतं. त्यातली सगळ्यात घातक वस्तू म्हणजे टायमिंग बेल्ट. काही इंजिनांत व्हॉल्व्ह उघडझाप करायला लोखंडी चेन असते, काहींत रबरी पट्टा. वर सांगितलेल्या फियाटच्या डिझेलमध्ये चेन आहे, जुन्या एस्टीममध्ये, अ‍ॅक्सेंटमध्ये आणि पहिल्या होंडा सिटीत पट्टा. तो किलोमीटरवर तसाच वर्षांवरही मोजतात. साधारण पाच-सहा वर्षांनी बदलायचा. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेडचं काम निघतं. पट्टा कधी बदलला याचं बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून किंमत बोला.

धुराचे रंग बहुतेकांना माहीत असतात, म्हणून थोडक्यात सांगतो. निळा म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, हा बहुधा स्वस्तात सुटतो. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय.

गाडी पसंत पडली आणि सौदा जवळ आला, की कॉम्प्रेशन टेस्टचा आग्रह धरा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे आणि त्याचा खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य. पेट्रोल गाडीचे सगळे प्लग काढायचे, एकेका भोकात गेज लावायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. अ‍ॅक्सिलरेटर न दाबता मोजलं तर आकडा खोटा कमी येतो, आणि बॅटरी उतरलेली असेल तरीही. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण दहा ते तेरा किलो दाब येतो. पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडर सारखे आहेत का ते बघा. चौघेही अकरा असले तर मी समाधानी. तीन बारा आणि एक आठ असेल तर नाही. त्या कमी भोकात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. डिझेलला दाब दुप्पट-अडीचपट असतो, त्याचा गेज वेगळा लागतो. काढलेले प्लग हातात आहेतच तर तेही बघा. विटकरी-तपकिरी टोक उत्तम, काळं-ओलं तेलकट टोक वाईट.

ट्रायल गावातल्या गावात घेऊ नका. मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर तरी न्या, भर दुपारी, एसी लावून. धुळ्याकडे गेलात तर पुढे लळिंगच्या चढापर्यंत जा. चढाला इंजिनावर भार येतो आणि बेअरिंगचा ठोका असेल तर तो तिथे ऐकू येतो. काटा निम्म्याच्या वर सरकता कामा नये. उताराला अ‍ॅक्सिलरेटर सोडा, खाली आल्यावर एकदम दाबा आणि आरशात बघा. निळा ढग दिसला तर व्हॉल्व्हचे गाईड गेलेत. रेडिओ बंद ठेवा. आकाशवाणीवर बसून असं सांगणं बरं नाही, पण तेवढा वेळ ठेवाच.

पुरात बुडालेल्या गाड्यांविषयीही बोललं पाहिजे. २६ जुलै २००५ ची मुंबई, उकईचं पाणी सोडल्यावर ऑगस्ट २००६ मध्ये बुडालेलं सुरत, २०१९ चं सांगली-कोल्हापूर. अशा प्रत्येक पुरात हजारो गाड्या पाण्यात जातात, आणि त्यांतल्या काही धुऊन-पुसून दूरच्या बाजारात विकल्या जातात. बुडालेल्या गाडीला कोणी सेल्फ मारला असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गढूळ पाण्याची रेघ तिथे राहते. सीटच्या रुळांवरचा गंज आणि कार्पेटखालची बारीक माती बघा.

दिल्लीकडची गाडी स्वस्त मिळते म्हणून धावणारेही आहेत. तिकडे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्या रोखल्या, तेव्हापासून अशा गाड्या बाहेर निघाल्या. त्या वाईटच असतात असं नाही. तिथली नाहरकत, इथली नोंदणी आणि कर धरून हिशेब करा. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. चौदा वर्षांची गाडी घेताना हे पुढच्याच वर्षी अंगावर येणार. बँकेचा बोजा उतरला आहे का, तेही आधी बघा.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर आणि एअर फिल्टर बदला. रेडिएटर धुऊन नवं कूलंट भरा, थर्मोस्टॅट जागेवर आहे का बघा, नसेल तर बसवा. पट्ट्याचं इंजिन असेल तर पट्टा आणि त्याचा टेन्शनर. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाईप त्यासाठी बनवलेले नाहीत. ते मऊ पडलेत किंवा तडकलेत का ते तपासून घ्या, पेट्रोलचा वास आला तर लगेच बदला. या सगळ्यासाठी पंधरा-वीस हजार बाजूला काढूनच सौद्याला बसा. आणि डिकीत पाच लिटरचा कूलंटचा कॅन ठेवा, म्हणजे वाटेत कोणी बोअरच्या पाण्याची बादली पुढे केली तरी ती घ्यावी लागणार नाही.